साहेबाचे कट्टे

मे महिन्यात सोसायटीतल्या पोरांना विजयदुर्ग दाखवायला नेलं होतं. किल्ल्यात 'साहेबाचे कट्टे' आहेत, लॉकियर साहेबाच्या दुर्बिणी त्यांवर ठेवल्या होत्या असं सांगतात. मी कट्ट्यावर उभा राहून ठोकून दिलं, "पोरांनो, १८ ऑगस्ट १८६८ ला याच जागेवरून सूर्यग्रहण बघताना हेलियम सापडला!" आठवीतली एक मुलगी म्हणाली, "काका, ऑगस्टमध्ये? कोकणात? सूर्य दिसला कसा?"

बोंबला! ही गोष्ट मी किमान दहा जणांना सांगितली असेल, पण भर पावसाळ्याचा विचार कधी डोक्यात आला नव्हता.

घरी येऊन शोधलं. १८६८ च्या त्या ग्रहणाला लॉकियर इंग्लंडमध्ये होता. ग्रहण बघितलं ते फ्रान्सच्या जान्सेनने, आपल्या गुंटूरहून. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटातल्या रेषा इतक्या ठळक होत्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असं त्याला वाटलं. दुसऱ्याच दिवशी, लख्ख उन्हात, त्याने त्या बघितल्यासुद्धा! लॉकियरही वेगळ्या वाटेने तिथेच पोचत होता. त्याचं नवं उपकरण यायला उशीर झाला, पण २० ऑक्टोबरला त्यालाही ग्रहणाविना ज्वाळांच्या रेषा दिसल्या. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या जागेवर बसत नव्हती. तोच पुढे हेलियम ठरला. पृथ्वीवर तो रॅमसेला मिळाला १८९५ साली, म्हणजे सत्तावीस वर्षं हा सूर्यावरचाच पाहुणा.

थोडक्यात, लॉकियरने ही रेषा पकडली तेव्हा ग्रहणच नव्हतं. आणि खरी गंमत तर तीच आहे! ग्रहणाच्या चार-पाच मिनिटांवर अवलंबून असलेलं काम आता रोज करता येणार होतं. आपल्या गोष्टीत नेमकं तेवढंच गळून पडतं.

मग कट्टे खोटे का? अजिबात नाही. लॉकियर विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. जानेवारी, निरभ्र आकाश, आणि मदतीला ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी. कुणीतरी दोन ग्रहणं एकत्र चिकटवली आणि आम्ही ती कॉपी-पेस्ट करत राहिलो. अलीकडे तर १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिवसही साजरा झाला आहे.

मला जास्त चुटपुट लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. त्याच दिवशी तेच ग्रहण सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून पुण्याचे कावसजी नायगमवाला बघत होते. सायन्स कॉलेजातले प्राध्यापक, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रमुख. जेऊरवरून रेल्वेने शंभरदा गेलोय, एकदाही कुणी सांगितलं नाही. पुण्यातली ती वेधशाळाही १९१२ मध्ये बंद झाली.

असो. रविवारी पोरांना परत गोळा केलं आणि आधी कबूल केलं की काकांनी थाप मारली होती. मग पिवळ्या रेषेची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. त्या मुलीचा पुढचा प्रश्न तयारच होता, "मग जेऊरला कधी जायचं?"