स्तनकर्करोग : देणगीचा ओघ वस्तीपर्यंत पोहोचावा

रुग्णालयाची इमारत आणि यंत्रसामग्री यांसाठी दाते सहज पुढे येतात. मात्र गाठ लवकर ओळखणे आणि उपचार पूर्ण होईपर्यंत रुग्णाला साथ देणे या कामांना सातत्याने निधी मिळत नाही. स्तनकर्करोगात प्राण वाचतात ते बऱ्याच अंशी याच कामांमुळे.

स्तनकर्करोग हा भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात या रोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची भर पडली आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. त्याच वर्षी अमेरिकेत सुमारे पावणेतीन लाख नवे रुग्ण आढळले. मृत्यू मात्र ४३ हजारांच्या आसपास होते. या तफावतीमागील प्रमुख कारणे म्हणजे आपल्याकडे उशिरा होणारे निदान आणि अर्धवट सुटणारे उपचार. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून ती दाखवली जात नाही, आणि दाखवली जाते तेव्हा रोग काखेतील गाठींपर्यंत किंवा त्याही पुढे गेलेला असतो.

दानाची जुनी परंपरा

कर्करोगाच्या क्षेत्रात मुंबईला दानाची मोठी परंपरा आहे. लेडी मेहरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढे सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या निधीतून परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते ताब्यात घेतले. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. जनजागृती आणि रुग्णसाहाय्य यांसाठी १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली. दानातून उभी राहिलेली संस्था पुढे शासनाने चालवावी, असा हा आदर्श नमुना होता. तथापि रुग्णालयाचे काम त्याच्या दारापासून सुरू होते. त्या दारापर्यंत येण्यात स्त्रीचे जे महिने वाया जातात, त्यांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उरतोच.

मुंबईतील वस्त्यांनी दिलेला पुरावा

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा मोठा प्रयत्न मुंबईतच झाला. टाटा मेमोरियलच्या तज्ज्ञांनी १९९८ मध्ये झोपडपट्टी भागातील ३५ ते ६४ वयोगटातील १ लाख ५१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. वस्त्यांचे २० गट करण्यात आले. त्यांपैकी १० गटांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत हाताने स्तनतपासणी केली व रोगाची माहिती दिली. या सेविका डॉक्टर वा परिचारिका नव्हत्या; शालेय शिक्षण झालेल्या आणि या कामासाठी खास तयार केलेल्या त्या स्त्रिया होत्या.

वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ते ४७ टक्के होते. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्युदरात अशी घट दिसली नाही आणि सर्व वयोगट एकत्र धरता दिसलेली १५ टक्के घट संख्याशास्त्रीय कसोटीवर निर्णायक ठरली नाही, हेही नमूद करायला हवे. तरीही महागड्या यंत्राविना, वस्तीत जाऊन केलेल्या साध्या तपासणीने मृत्यू टळू शकतात, हे यातून दिसून आले.

सरकारी योजनांची मर्यादा

शासन या बाबतीत उदासीन आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना यांमुळे शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन यांचा मोठा भार हलका झाला. सार्वजनिक न्यास कायद्याखालील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिशीपुढील स्त्रियांची स्तनतपासणी करण्याचे राष्ट्रीय धोरणही २०१६ पासून आहे. मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी एक टक्क्याहूनही कमी स्त्रियांनी कधीतरी स्तनतपासणी करून घेतल्याचे आढळले.

शिवाय विमा योजनांचा भर रुग्णालयातील उपचारांवर असतो. गावाहून शहरात येण्याचे भाडे, सोबतच्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी, राहण्या-जेवण्याची सोय हे खर्च कुटुंबाच्याच माथी येतात. केमोथेरपी काही महिने चालते, त्यानंतर काही आठवडे रेडिएशन असते आणि अनेक रुग्णांना हार्मोनच्या गोळ्या पाच वर्षे किंवा अधिक काळ घ्याव्या लागतात. घरी शाळकरी मुले असलेली स्त्री पैशाअभावी मधल्या टप्प्यावरच परत फिरते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा निवारा अशा कुटुंबांना म्हणूनच औषधाइतका मोलाचा वाटतो.

देणगी कोठे उपयोगी पडेल?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या स्तनकर्करोग उपक्रमात तीन उद्दिष्टे ठरवली आहेत : किमान ६० टक्के रुग्णांचे निदान पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात व्हावे, तक्रार घेऊन आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे आणि किमान ८० टक्के रुग्णांनी उपचार पूर्ण करावेत. दात्यासाठी हीच उत्तम मोजपट्टी होय.

एखाद्या संस्थेने वर्षभरात किती शिबिरे घेतली, हा आकडा छायाचित्रांसह प्रसिद्ध होतो. परंतु विचारायचे ते वेगळेच. संशयास्पद गाठ आढळलेल्या स्त्रियांपैकी किती जणींची बायॉप्सी झाली? त्याला किती दिवस लागले? किती जणींचे उपचार पूर्ण झाले? मध्येच येणे थांबलेल्या स्त्रीच्या घरी कोणी गेले का? पाठपुरावा नसलेले शिबिर स्त्रीच्या मनात भीती निर्माण करते आणि तिला वाऱ्यावर सोडते. यासोबत धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी आणि लेखापरीक्षित हिशेब पाहणे हे ओघाने आलेच.

कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक नफा वा उलाढाल असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. हा निधी अनेकदा एका वर्षाच्या प्रकल्पासाठी आणि दिसणाऱ्या वस्तूंसाठी दिला जातो. नियमांनुसार सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंतचे प्रकल्प घेता येतात. आरोग्यसेविकेचे वेतन, बायॉप्सीचा खर्च, प्रवासभाडे, शस्त्रक्रियेनंतर हाताला येणाऱ्या सुजेवरील व्यायामोपचार आणि कृत्रिम स्तन यांसाठी अशी दीर्घ मुदतीची तरतूद व्हायला हवी. सामान्य नागरिकानेही एकदाच मोठी रक्कम देण्याऐवजी दरमहा ठरावीक रक्कम दिल्यास संस्थेला सेविका कायम ठेवता येते.

ऑक्टोबर महिन्यात गुलाबी फीत लावून जागृतीचे कार्यक्रम होतात, ते व्हावेतही. त्या कार्यक्रमांतून जमणाऱ्या निधीचा निश्चित वाटा वस्तीतील तपासणी आणि पाठपुरावा यांसाठी राखून ठेवला आणि त्याचा हिशेब पुढच्या ऑक्टोबरात जाहीर केला, तर या जागृतीला अर्थ येईल.