भांगेचे द्रव्य आणि कर्करोग

भांग-गांजाने कर्करोग बरा होतो, असे हल्ली कानावर येते. या समजुतीमागचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

भांगेचे औषधी गुण पाश्चात्त्य वैद्यकापुढे ठेवले ते कलकत्त्यात काम करणाऱ्या डॉ. ओ'शॉनेसी यांनी, १८३९ मध्ये. पण तिच्यातले नशा आणणारे द्रव्य शुद्ध रूपात हाती यायला १९६४ साल उजाडले. इस्राएलमधील मेशुलम आणि गाओनी या रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळे काढले. त्याचे नाव टी. एच. सी.

पुढे १९७५ साली अमेरिकेत दोन गोष्टी पुढे आल्या. व्हर्जिनियात हे द्रव्य दिलेल्या उंदरांत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या गाठींची वाढ मंदावली. बोस्टनच्या डॉक्टरांना दिसले, की कर्करोगावरच्या जहाल औषधांनी होणारी मळमळ-उलटी त्याने कमी होते.

इथून दोन वाटा फुटल्या बरं का! उलटीची वाट तडीस गेली. १९८५ मध्ये अमेरिकेत या द्रव्याच्या कॅप्सूलला मान्यता मिळाली. गाठीची वाट मात्र रेंगाळली. २००६ साली स्पेनमधील डॉक्टरांनी मेंदूच्या गाठीत हे द्रव्य थेट सोडून पाहिल्याचे प्रसिद्ध केले. पण रुग्ण अवघे ९, आणि तुलनेला दुसरा गट नाही. मोठ्या चाचणीत गुण अजून सिद्ध झालेला नाही.

उंदरात दिसले ते माणसात होईलच असे नाही, एवढे शिक्षकबंधूंनी गावात समजावून सांगावे. गाठ लागली, की आधी इस्पितळ गाठावे. भांगेच्या भरवशावर दवडलेले महिने परत मिळत नाहीत.