बाइक तुमची, पार्सल दुसऱ्याचं, भरपाई कोणाची?

आजचा इतिहास तुमच्या बाइकच्या विम्याच्या कागदात दडलेला आहे.

मुंबईत डबे पोचवण्याचं काम १८९० मध्ये महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलं. पुढे अंधेरी-बोरिवलीचे डबे लोकलने चर्चगेटला जायचे आणि तिथून सायकलवर ऑफिसात. सायकलला विम्याची सक्ती नव्हती. त्यामुळे प्रश्नच नव्हता.

मोटारींचं तसं नव्हतं. धडक बसली आणि चालकाचा खिसा रिकामा असला, तर जखमी माणसाने जायचं कुठे? म्हणून ब्रिटनने १९३० मध्ये थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. आपला कायदा १९३९ चा, पण ही सक्ती लागू झाली १ जुलै १९४६ पासून.

आता खासगी टू-व्हीलरची पॉलिसी उघडा. त्यात ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’ असं कलम असतं. भाड्याने वापर नको, मालाची ने-आण नको. सूट फक्त सॅम्पलला आणि स्वतःच्या सामानाला. म्हणजे बॅगेत नमुने घेऊन फिरणारा विक्रेता चालतो, बिर्याणीचं पार्सल नाही! त्यात १९८८ चा मोटार वाहन कायदा म्हणतो, मालासाठी न बनवलेली गाडीही माल नेताना मालवाहूच.

समजा, मुलुंडला एलबीएस रोडवर ऑर्डर पोचवताना तुमच्या बाइकने कोणाला तरी धडक दिली. तुमच्या बाइकच्या दुरुस्तीचा क्लेम कंपनी नाकारू शकते. जखमी माणसाचं काय? ‘आधी तुम्ही द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश न्यायालय विमा कंपनीला देऊ शकतं. लायसन्सच्या वादांत सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्ण सिंग खटल्यात हीच वाट दाखवली. आणि बाइक बाबांच्या नावावर असेल, तर वसुली बाबांकडून!

‘पण ॲपवाले विमा देतात ना?’ तो सहसा रायडरच्या स्वतःच्या अपघातासाठी असतो, समोरच्याच्या भरपाईसाठी नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, गिग कामगाराला कायद्यात नाव मिळालं. चांगलंच झालं. पण त्याने पॉलिसीतलं ते कलम बदललं नाही.

म्हणून मी एवढंच सांगेन: डिलिव्हरी सुरू करण्याआधी विमा कंपनीला ईमेल करा, ‘या कामासाठी बाइक वापरली तर कव्हर आहे का?’ उत्तर लेखी घ्या, जपून ठेवा. घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत जो मित्र बॅग पाठीवर घेऊन फिरतोय, त्याला हा भाग पाठवा.

भेटू पुढच्या भागात!