आकापुल्कोचे पेय आणि पाकशाळा : मनिला-मार्गाचा एक उपेक्षित पुरावा

मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील आकापुल्को हे नगर आज जगास परिचित आहे ते विहारस्थान म्हणून. अर्धचंद्राकृती उपसागर, कड्यावरून समुद्रात उड्या घेणारे पाणबुडे, झावळ्यांच्या छपराखालील उपाहारगृहे आणि शहाळ्यातून दिले जाणारे मद्य, असे त्याचे चित्र प्रवासवर्णनांनी रूढ केले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने या चित्राकडे केवळ करमणुकीचा विषय म्हणून पाहू नये. ते छप्पर, ते शहाळे आणि ते मद्य यांपैकी प्रत्येकामागे अडीचशे वर्षांच्या सागरी दळणवळणाचा इतिहास उभा आहे. त्या इतिहासातील कर्त्या माणसांची नावे दप्तरांत क्वचितच आढळतात. त्यांची खूण राहिली ती पाकशाळेत आणि माडाच्या शेंड्यावर. ही खूण ऐतिहासिक पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावी, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

१

आंद्रेस दे उर्दानेता याच्या मार्गदर्शनाखाली ‘सान पेद्रो’ हे जहाज १ जून १५६५ रोजी फिलिपाइन्समधील सेबू येथून निघाले आणि ८ ऑक्टोबर रोजी आकापुल्कोस पोहोचले. पूर्वेकडून पॅसिफिक ओलांडून परतण्याचा व्यवहार्य मार्ग या सफरीने निश्चित झाला, आणि मनिला व आकापुल्को यांच्यामधील गॅलियन जहाजांची ये-जा १८१५ पर्यंत चालू राहिली. पश्चिमेकडे चांदी जाई. पूर्वेकडून रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले आणि हिंदुस्थानातील सुती कापड येई.

बंदराची कीर्ती मोठी असली, तरी गाव लहान होते. जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी जानेवारी १६९७ मध्ये मनिलाहून येथे उतरला. त्यास ते व्यापारपेठेपेक्षा कोळ्यांचे दरिद्री खेडे अधिक भासले. आसपासची जमीन नापीक असल्याने धान्यसामग्री बाहेरून आणावी लागे आणि जेवणखाण महाग पडे, असेही तो नोंदवितो. हाच गृहस्थ १६९५ मध्ये दमण व गोवे पाहून औरंगजेबाच्या गलगले येथील छावणीत जाऊन आला होता. कोकणकिनारा आणि आकापुल्को ही एकाच जलमार्गसाखळीची दोन टोके होती, याची याहून बोलकी साक्ष विरळा. पुढे १८०३ मध्ये हुम्बोल्ट येथे आला. त्याच्या माहितीप्रमाणे गावची नेहमीची लोकसंख्या सुमारे ४,००० होती आणि मनिलाचे जहाज आले की ती ९,००० पर्यंत जाई. रहिवासी बहुतांशी वर्णीय लोक होते, हेही त्याने आवर्जून सांगितले आहे. यांत किनाऱ्यावरील मूळ रहिवासी होते, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज होते आणि आशियातून आलेले लोकही होते.

या आशियाई लोकांस मेक्सिकोतील स्पॅनिश कागदपत्रे सरसकट ‘चीनो’ म्हणतात. या एका शब्दाखाली फिलिपिनो खलाशी, मलाया द्वीपसमूहातील गुलाम आणि पोर्तुगीजांनी हिंदुस्थानातून मनिलास नेऊन विकलेली माणसे एकत्र कोंबली गेली. पुएब्ला येथे १६८८ मध्ये निवर्तलेली कातारिना दे सान हुआन ही साध्वी यांपैकीच होय. तिच्या चरित्रकारांच्या मते ती मोगल मुलखात जन्मली, पोर्तुगीजांच्या हाती सापडली आणि कोचीन व मनिला या मार्गाने मेक्सिकोत आली. या ‘चीनो’ लोकांची गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १६७२ मध्ये. पुरावा वाचताना ही पार्श्वभूमी विसरून चालणार नाही. कारण ज्या माणसांविषयी आपण बोलत आहोत त्यांचे स्वतःच्या हातचे लिखाण जवळजवळ नाही.

२

खाद्यपेयांच्या उगमाविषयी बोलताना साम्य दिसले की संबंध जोडण्याचा मोह होतो. तो आवरण्यासाठी तीन कसोट्या लावणे इष्ट. पहिली शब्दाची : पदार्थाचे नाव कोणत्या भाषेतले आहे? दुसरी क्रियेची : करण्याची रीत व उपकरणे कोठे आढळतात? तिसरी दप्तराची : समकालीन लेखी उल्लेख आहे काय? तिन्ही कसोट्या उतरल्यास निष्कर्ष भक्कम मानावा. दोन उतरल्यास संभाव्य. एकच उतरल्यास त्यास केवळ तर्क म्हणावे.

‘तुबा’ हे पेय तिन्ही कसोट्यांस उतरते. माडाची न उमललेली पोय बांधून, तिचे टोक छेदून, रोज सकाळसायंकाळ काप घेऊन जो रस मडक्यात धरतात तो तुबा. कोकणातील वाचकास ही माडीच आहे हे सांगावयास नको. गोव्यात तीस सूर म्हणतात. शब्द मात्र फिलिपिनो आहे, आणि तो कोलिमा व गेरेरो या प्रांतांच्या किनाऱ्यावर आजही जसाच्या तसा वापरात आहे. कोलिमात खांद्यावरील कावडीस भोपळ्याची पात्रे लटकवून तुबा विकणारे लोक हिंडतात, आणि त्यात फळांचे तुकडे व भुईमूग घालून देतात.

दप्तराची साक्ष तर विशेष मौल्यवान आहे, कारण ती विरोधकाची आहे. सेबास्तियान दे पिनेदा या जहाजी अधिकाऱ्याने १६१९ मध्ये स्पेनच्या राजास एक निवेदन पाठविले. त्यात तो म्हणतो की १६१८ मध्ये ‘एस्पिरितू सान्तो’ या जहाजावरून पंचाहत्तर फिलिपिनो खलाशी आले आणि परतताना त्यांपैकी पाचांहून अधिक उरले नाहीत. बाकीचे किनाऱ्यावरच राहिले आणि कोलिमा, नाविदाद इत्यादी ठिकाणी आपल्या देशच्या रीतीने माडाचे मद्य गाळू लागले. स्थानिक लोक त्या मद्याचे इतके चाहते झाले की स्पेनहून येणाऱ्या द्राक्षमद्याचा खप बुडेल, ही निवेदनकर्त्याची खरी चिंता. उपाय म्हणून तो सुचवितो की या लोकांस परत धाडावे, माड तोडावेत आणि मद्य गाळण्याची भांडी जाळून टाकावीत.

हे निवेदन ज्या माणसांस पळपुटे ठरविते त्यांच्या बाजूनेही ते वाचले पाहिजे. पॅसिफिकची ती सफर महिनोन्महिने चाले. थंडी, उपासमार आणि रक्तपिती यांनी माणसे मरत. अशा जहाजावर परत न चढणे हा त्या खलाशांचा विचारपूर्वक निर्णय होता. किनाऱ्यावर त्यांस ओळखीची हवा मिळाली आणि लवकरच ओळखीचे झाडही मिळाले. मेक्सिकोच्या या किनाऱ्यावर नारळ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. तेथील नारळाचे फिलिपाइन्समधील जातींशी असलेले नाते आनुवंशिक अभ्यासांनीही दाखवून दिले आहे. झाड, ते चढण्याची विद्या आणि तिच्या नावाचा शब्द ही तिन्ही एकाच मार्गाने आली.

३

येथून प्रश्न अधिक वादग्रस्त होतो. माडाचे मद्य ज्या यंत्राने गाळले जाई त्याच यंत्राने पुढे घायपाताचे मद्य, म्हणजे मेस्काल आणि त्याची विख्यात शाखा टकीला, गाळले जाऊ लागले काय? भूगोलज्ञ हेन्री ब्रुमन यांनी १९४४ मध्ये पश्चिम मेक्सिकोतील हुइचोल जमातीच्या ऊर्ध्वपातनयंत्राचा उगम आशियाई असल्याचे प्रतिपादन केले. त्यांचा आधार यंत्राच्या रचनेचा होता. अरबांकडून स्पेनमध्ये आलेल्या यंत्रात वाफ नळीवाटे बाहेर नेऊन थंड करतात. हुइचोल यंत्रात मात्र चुलीवरील भांड्यावर पोकळ नळकांडे उभे करून त्याच्या माथ्यावर थंड पाण्याचे पसरट भांडे ठेवतात. वाफ त्याच्या तळाशी लागून आतल्या आत थेंबावते आणि मधल्या पळीत पडून पन्हळीने बाहेर येते. फिलिपाइन्समधील रीत हीच. सिसुम्बो-व्हियारेआल आणि कोलुंगा-गार्सियामारीन यांनी २००८ मध्ये हाच सिद्धान्त कोलिमा परिसरातील वनस्पती, भांडी आणि कागदपत्रे यांच्या आधारे पुढे नेला. पाउलिना माचुका यांनी २०१८ मध्ये नव्या स्पेनमधील नारळमद्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. घायपाताच्या गाळीव मद्याचा प्रसिद्ध जुना उल्लेख दोमिंगो लासारो दे आरेगी याच्या १६२१ मधील वर्णनात येतो, म्हणजे पिनेदाच्या निवेदनानंतर अवघ्या दोन वर्षांनी. कालक्रम या सिद्धान्तास अनुकूल आहे.

तथापि दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. कोलिमातील ‘कापाचा’ संस्कृतीची काही प्राचीन मृत्पात्रे ऊर्ध्वपातनास योग्य आहेत असे प्रयोगांवरून दाखविण्यात आले असून, ही कला कोलंबसपूर्व असावी असा तर्क त्यावरून मांडला जातो. विशेष असे की या प्रयोगांमागे पूर्वोक्त अभ्यासकांपैकीच काही आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते पात्र योग्य असणे आणि ते त्या कामी वापरले जाणे या दोन गोष्टींत अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढणारा निर्णायक पुरावा पुढे येईपर्यंत फिलिपिनो उगमाचे पारडे जड मानावे. मात्र एवढ्यावरून मेस्काल हे परके पेय ठरत नाही. घायपाताचा गाभा खड्ड्यात भाजून गोड करण्याची विद्या मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांची आहे. यंत्र आशियाचे, वनस्पती व पाकक्रिया मेक्सिकोची आणि ग्राहक रुप्याच्या खाणीतले मजूर, असा हा संयोग आहे. हे यंत्र माती, लाकूड व बांबू यांतून कोठेही उभारता येई आणि तितक्याच सहजपणे लपविताही येई. बंदीहुकूम वारंवार निघूनही गाळप टिकले, याचे हे एक कारण होय.

४

भोजनाच्या बाबतीत पुरावा अधिक विरळ, पण उपेक्षणीय नाही. गेरेरोच्या कोस्ता ग्रान्दे भागात, आकापुल्कोच्या वायव्येस, मासे नारळाच्या दुधात शिजवून जो पदार्थ करतात त्यास ‘गिनातान’ म्हणतात. फिलिपाइन्समध्ये नारळदुधातील पदार्थांस ‘गिनाताआन’ म्हणतात. शब्द आणि क्रिया या दोन्ही कसोट्या येथे उतरतात. पांढऱ्या मोकळ्या भातास मिचोआकान व गेरेरो भागांत ‘मोरिस्केता’ म्हणतात. शब्द स्पॅनिश असला तरी शिजविलेल्या भातास तो लावण्याची चाल फिलिपाइन्समधील स्पॅनिश लोकांची होती. झावळ्यांच्या छपराच्या मांडवास रूढ असलेला ‘पालापा’ हा शब्दही तिकडचाच. ‘मनिला’ नावाचा आंबा तर आपले मूळ बंदर नावातच मिरवितो.

याउलट ‘सेव्हिचे’ची गोष्ट. कच्च्या माशाचे तुकडे लिंबाच्या रसात मुरवून त्यात टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची व कोथिंबीर घालण्याची आकापुल्कोची रीत प्रसिद्ध आहे. फिलिपाइन्समध्ये ‘किनिलाव’ नावाचा सदृश पदार्थ आहे, म्हणून हाही गॅलियनवरून आला असे काही जण म्हणतात. परंतु शब्द जुळत नाही, पेरूच्या किनाऱ्याचा दावा प्रबळ आहे, आणि आंबट द्रवात मासे मुरविण्याची कल्पना अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचण्याजोगी आहे. येथे ‘निर्णय नाही’ हेच उत्तर योग्य.

सर्वच काही समुद्रातून आले असेही समजू नये. गेरेरोत गुरुवारी खाल्ले जाणारे हिरवे ‘पोसोले’ हे चुन्याच्या पाण्यात शिजवून साल काढलेल्या मक्याचे कालवण असून त्याचा पाया कोलंबसपूर्व आहे. डुकराचे मांस तेवढे स्पॅनिश. उभा चिरून, मिरचीचे वाटण माखून निखाऱ्यावर भाजलेला मासा, म्हणजे ‘पेस्कादो आ ला ताया’, हे बारा व्हिएहा व पिए दे ला कुएस्ता येथील कोळीवस्त्यांचे वैशिष्ट्य. ज्या मिरचीवाचून तो होत नाही ती मिरची मेक्सिकोची, आणि तीच पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे येऊन कोकणातील कालवणांची प्राण झाली. माडीची विद्या एका दिशेने गेली. मिरची व काजू दुसऱ्या दिशेने आले.

५

१९२७ मध्ये राजधानीपासून आकापुल्कोपर्यंत मोटाररस्ता झाला. मिगेल आलेमान यांच्या अध्यक्षीय कारकिर्दीत (१९४६–५२) किनाऱ्यालगतचा प्रशस्त मार्ग बांधला गेला, हॉटेले उभी राहिली, आणि किनाऱ्यावरील ग्रामसमाईक जमिनी सरकारने संपादन केल्या. नव्या विहारस्थानास नव्या कथा हव्या होत्या. शहाळ्यातील ‘कोको लोको’ अमुक हॉटेलात जन्मला. टकीला, नारिंगी मद्य व लिंबू यांचे ‘मार्गारिता’ हे मिश्रण १९४८ मध्ये आकापुल्कोतील एका अमेरिकन यजमानीणबाईंनी प्रथम केले. अशा आख्यायिका पसरल्या. मार्गारितावर इतर अनेक शहरांचाही हक्क आहे. लक्षात घ्यावयाचे ते हे की या कथांत एका व्यक्तीचे नाव, एक साल आणि एक मेजवानी असते. ज्यांनी माड चढण्याची कला आणली त्या खलाशांच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही.

नारळाचे दुसरे जग याच शहरात होते. कोस्ता ग्रान्देचे शेतकरी खोबऱ्यावर जगत, आणि त्यांच्या उत्पादकसंघावरील वर्चस्वाच्या झगड्यात २० ऑगस्ट १९६७ रोजी आकापुल्को येथे गोळीबार होऊन अनेक खोबरे-उत्पादक ठार झाले. पर्यटकाच्या हातातील शहाळे आणि हे रक्त एकाच झाडाच्या इतिहासात नोंदले गेले पाहिजे.

मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेस युनेस्कोने २०१० मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले, आणि ते उचितच झाले. पण मका, घेवडा व मिरची यांच्या प्राचीन परंपरेवर भर देणाऱ्या अशा वर्णनात समुद्रमार्गे आलेल्या अनाम माणसांचा वाटा सहज झाकला जातो. २५ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘ओटिस’ या भीषण चक्रीवादळाने आकापुल्कोची हॉटेले आणि किनाऱ्यावरील पालापा उद्ध्वस्त केले. त्यानंतर पालापा पुन्हा उभारले जाऊ लागले, तेव्हा त्यांचे नाव पालापाच राहिले. दप्तराने ज्यांची केवळ ‘पंचाहत्तरांतून पाच’ अशी मोजदाद ठेवली, त्यांचे शब्द मात्र त्या किनाऱ्याच्या तोंडी टिकले. अशा शब्दांस पुराव्याचा दर्जा देणे, आणि तो देताना कसोटी ढिली न करणे, ही दोन्ही कर्तव्ये इतिहासकाराची आहेत.