दोन राज्यं, एक पगार

काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता लेकीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. एप्रिल महिना होता. रात्रीची जेवणं आटोपल्यावर जावईबापू टेबलावर कागदांचा पसारा मांडून बसले. १५ एप्रिल ही तिकडची प्राप्तिकराची शेवटची तारीख. मीही चष्मा लावून डोकावलो. केंद्र सरकारचा अर्ज समजला, न्यू जर्सीचाही समजला. पण तिसरा अर्ज न्यूयॉर्क राज्याचा होता!

"राहता तुम्ही इथे, मग त्यांना कर कशाला?" मी विचारलं.

"बाबा, नोकरी तिथे आहे ना! आधी त्यांचा कर भरायचा, मग त्यापोटी इथल्या करात सवलत मिळते."

पस्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस मी. हा नियम आला कुठून, हे कळल्याशिवाय चैन पडेना. नातवाच्या मदतीने थोडं शोधलं, थोडं वाचलं. त्यातून हाती आलेली हकीकत मोठी रंजक आहे.

न्यूयॉर्क राज्याने १९१९ साली प्राप्तिकर सुरू केला. तिथे राहणाऱ्या एकट्या माणसाला १,००० डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर सूट होती, विवाहिताला २,००० डॉलरपर्यंत. नदीपलीकडून कामाला येणाऱ्यांना मात्र ही सूट नव्हती. म्हणजे एकाच कचेरीत, एकाच पगारावर शेजारी शेजारी बसणाऱ्या दोघांना कर वेगळा.

यावर कोर्टात कोण गेलं असेल? आपल्या दारांच्या कुलपांवर ज्यांचं 'येल' हे नाव आपण वाचतो, ती कनेक्टिकटमधली कंपनी! तिच्या न्यूयॉर्कमधल्या नोकरांपैकी काही जण कनेक्टिकटमध्ये राहत, काही न्यू जर्सीत. १ मार्च १९२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, आपल्या हद्दीत कमावलेल्या पैशावर कर घेण्याचा राज्याला हक्क आहे, कमावणारा कुठेही राहत असो. दुसरी, घरच्यांना दिलेली सूट बाहेरच्यांना नाकारता येणार नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पिटनी स्वतः न्यू जर्सीचे होते, ही त्यातली गंमत.

पण मोह सुटत नाही. पुढे न्यू हॅम्पशायर राज्याने बाहेरून कामाला येणाऱ्यांच्या कमाईवर चार टक्के कर बसवला आणि स्वतःच्या रहिवाशांना व्यवहारात त्यातून मोकळं ठेवलं. शेजारच्या मेन राज्यातले काही नोकरदार कोर्टात गेले. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कर रद्द केला. त्या निकालातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटला: ज्यांच्यावर हा कर बसला, त्यांचा त्या राज्याच्या विधिमंडळात प्रतिनिधीच नव्हता.

खरी मेख इथेच आहे. आमचे प्रतिनिधी तुमच्या पार्लमेंटात नाहीत, मग कर का द्यायचा, असं म्हणून ज्या देशाने इंग्रजांशी भांडण मांडलं, त्याच देशात लाखो माणसं मत एका राज्यात देतात आणि पगारावरचा कर दुसऱ्या राज्यात भरतात. त्यांच्या नाराजीने दुसऱ्या राज्यातला एकही आमदार पडत नाही. अशा माणसाला कोर्टाखेरीज वाली कोण?

शेजाऱ्यांनी समजुतीने घेतलं तर मार्ग निघतो. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यात १९७७ पासून करार आहे: पगारावरचा कर राहत्या राज्यालाच द्यायचा. न्यूयॉर्कशी तसा करार नाही. २०२० च्या साथीत तर माणसं घरीच बसून काम करू लागली, तरी कचेरी आमची म्हणून न्यूयॉर्कने करावरचा हक्क सोडला नाही. २०२३ साली न्यू जर्सीने कायदा करून, या कराविरुद्ध दाद मागणाऱ्या आपल्या रहिवाशांना मदत देऊ केली. शंभर वर्षं झाली, वाद चालूच आहे.

हे वाचताना मला आमच्या शाळेतले एक सहकारी आठवले. ते निपाणीला राहायचे आणि रोज एस.टी.ने कागलला शिकवायला यायचे. १९५६ पासून निपाणी पलीकडच्या राज्यात. आपल्याकडे पगारावरचा प्राप्तिकर केंद्र सरकार घेतं, त्यामुळे त्यांना दोन अर्ज कधी भरावे लागले नाहीत. राज्याचा म्हणून कापला जाई तो फक्त व्यवसाय कर. महाराष्ट्राने तो १९७५ साली रोजगार हमी योजनेसाठी सुरू केला. घटनेनेच त्याला मर्यादा घातली आहे, १९८८ पासून वर्षाला २,५०० रुपये.

सरांचं मत कर्नाटकात, मुलं तिथल्या शाळेत आणि व्यवसाय कर महाराष्ट्राला. एकदा मी थट्टेत म्हणालो, "सर, आमच्या दुष्काळी भागाला तुमचा हातभार!" ते हसून म्हणाले, "असू दे हो. तुमच्याएवढाच कापतात ना? मग तक्रार नाही."

कुलूपवाल्या कंपनीच्या खटल्यात १९२० साली कोर्टानेही तेच तर सांगितलं होतं.