एकच तिथी : वासराची आणि वाघाची

बडोद्यात आपल्या मराठी घरांत आश्विन वद्य द्वादशीला वसुबारस असते, तर शेजारच्या गुजराती घरात त्याच दिवशी वाघबारस. लहानपणी मला हा उच्चाराचा घोळ वाटायचा. काही गुजराती मंडळी ‘वाघ’चा संबंध वाक्, म्हणजे वाणीशी जोडतात. पण डांगात आणि नाशिककडच्या कोकणा पाड्यांवर या तिथीला गुराखी खरोखरच वाघदेव पुजतात. लाकडी खांबावर वाघ, नाग, चंद्र, सूर्य कोरलेले, वर शेंदूर.

असं का? हिशोब सोपा आहे. वाघ मोठं जनावरही पाडतो. बिबट्या मात्र गोठ्यातलं वासरू उचलतो. आणि वासरू पुढ्यात नसेल तर देशी गाय पान्हा चोरते. म्हणून तर मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभं करायची रीत होती. वासरू गेलं की बहुतेकदा त्या वेताचं दूधही गेलं.

मला वाटतं, शहरात येऊन आपण वासराची पूजा तेवढी ठेवली, त्यामागचं भय विसरलो. बिबट्या मात्र जांबुघोड्याच्या रानात आजही आहे. तिथं गोठ्याचं दार रात्री अजूनही नीट लावावं लागतं.