प्रतिजैविके : नेहमीच्या वापरातील

जिवाणूंना मारणारी किंवा त्यांची वाढ रोखणारी औषधे. सर्दी, फ्लू, डेंग्यू हे आजार विषाणूंमुळे होतात. त्यांवर प्रतिजैविकांचा उपयोग नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिनचा शोध लागला. भारतात त्याच्या उत्पादनासाठी पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली.

या औषधांची ‘हलकी’ आणि ‘हेवी’ अशी प्रतवारी सर्रास केली जाते. ती चुकीची आहे, कारण प्रत्येकाचा मारा वेगळ्या जागी असतो. अमॉक्सिसिलिन आणि सेफिक्झीम जिवाणूची पेशीभित्तिका नीट बांधू देत नाहीत. अ‍ॅझिथ्रोमायसिन व डॉक्सिसायक्लिन प्रथिननिर्मिती थांबवतात, तर सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएची प्रत होण्यात अडथळा आणते. मेट्रोनिडॅझोल ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जिवाणूंवर आणि अमीबावर चालते. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसते. त्याच्यामुळे झालेल्या न्यूमोनियात अमॉक्सिसिलिनचा डोस कितीही वाढवला तरी फरक पडत नाही, डॉक्सिसायक्लिनने मात्र पडू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये केलेल्या वर्गवारीत अमॉक्सिसिलिन व डॉक्सिसायक्लिन शक्यतो आधी वापरायच्या गटात आहेत. अ‍ॅझिथ्रोमायसिन, सेफिक्झीम आणि सिप्रोफ्लॉक्सासिन जपून वापरायच्या गटात आहेत. आपल्याकडे घसा धरला की दुकानातून थेट अ‍ॅझिथ्रोमायसिन आणले जाते, हे फार चिंतेचे आहे.

घेण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या. पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात लेप्टोस्पायरोसिससाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. म्हणून ती पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्यावी आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नये. तिच्या काळात उन्हाने त्वचा लवकर भाजते. गरोदरपणी ती सहसा देत नाहीत. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन यांच्याबरोबरच लोह, कॅल्शियम किंवा अँटासिड घेतले तर औषध पुरेसे शोषले जात नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनबाबत दूध-दह्याचेही तसेच. या औषधाने टाचेमागचा स्नायुबंध दुखावू शकतो, म्हणून तिथे दुखू लागताच ते थांबवून डॉक्टरांना कळवावे. मेट्रोनिडॅझोलबरोबर मद्य वर्ज्य. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधीच सांगावे; अंगावर गांधी, ओठ सुजणे, धाप लागणे ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत.

पट्टीवरची उभी लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न घेण्याचे औषध. बरे वाटले म्हणून कोर्स मनाने अर्ध्यावर सोडू नये. किती दिवस घ्यायचे ते डॉक्टर ठरवतात. उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी जपून ठेवू नयेत.

मुलांच्या ड्राय सिरपची बाटली आधी हलवून पूड मोकळी करावी, मग उकळून थंड केलेले पाणी खुणेपर्यंत घालून पुन्हा हलवावे. फेस बसल्यावर पातळी खाली गेली तर खुणेपर्यंत पाणी भरावे. नाहीतर डोस चुकतो. मात्रा घरातल्या चमच्याने न मोजता सोबतच्या मापाने मोजावी आणि दर वेळी बाटली हलवावी. तयार केलेले अमॉक्सिसिलिन सहसा ७ दिवसच टिकते.